मामांचा पोलादी खुबा

अरे, साठच्या दशकातली शहादा स्टँडवरची ती सकाळ सांगतो! ब्राह्मणपुरीच्या माझ्या मामांचा खुबा बैलगाडीवरून पडून मोडला होता. तीन महिने अंथरुणाला खिळले होते. शेवटी मुंबईच्या डॉक्टरांनी मोडलेला भाग काढून तिथं पोलादाचा गोळा बसवला. पोलादावर माणूस चालतो होय? म्हणून त्यांना आणायला आम्ही चौघं खाट घेऊन उभे, सोबत मामी. एसटी आली आणि मामा काठी टेकत स्वतः उतरले!

“खाट परत लई जा,” ते म्हणाले, “मी चालीसन येस.”

चारचौघांत नवऱ्याशी कधी न बोलणाऱ्या मामींनी भर स्टँडवर त्यांचा हात धरला.

“अवं, लोक देखी ऱ्हायनात!” मामा लाजले.

“देखू द्या!” मामी रडता रडता हसल्या. “तुम्ही चाली ऱ्हायनात ना, आख्खा शहादा देखू द्या!”