दत्तूच्या गाडीची दुसरी बॅटरी

तुमी आज बॅटरीच्या गाड्यांचं कौतुक सांगायलात, पर गावात टीव्ही नवा आला तवाच आमच्या दत्तूनं तसली गाडी सेलूच्या बाजारात नेली हाय.

दत्तूचा पाय लहानपणापासून अधू. बाजाराला जायचं तर कुणाच्या तरी पाठीवर. त्याचं एकच म्हणणं, "एकदा एकट्यानं जायचं." रफिक मिस्त्रीनं भंगारातली मोटार बसवून त्याला तीनचाकी करून दिली, पर बॅटरीवर घोडं अडलं.

मी रफिकला म्हणलो, "ट्रॅक्टरची एक बसव की."

"एकीवर वेशीपस्तोर जाईल, दादा. दोन पाहिजेत. दुसरी कुठून आणू?"

"ते माझ्याकडं लागलं," मी म्हणलो.

रविवारी सकाळी दत्तू ऐटीत निघाला. इकडं सगळं गाव पंचायतीच्या टीव्हीसमोर. लाइट नेहमीसारखी गेलेली, अन् सरपंच टीव्ही बॅटरीवर लावायला बघतात तर बॅटरीच गायब.

मी हळूच म्हणलो, "ती सेलूला चालली."

मग काय, पुढं धोतर आवरीत सरपंच, मागं आख्खं गाव. दत्तूला वाटलं, लोकं गाडी बघून खुशीनं धावायलेत. त्यानं हात हलवला अन् गाडी आणखी पळवली.

रफिक धापा टाकत मला म्हणतो, "बघा, दोनच पाहिजे होत्या."

बाजारात गाठलं तवा दत्तू भजे खात बसलेला. सरपंच आण्णा गाडीखाली वाकून बॅटरी बघायला लागले.

दत्तू म्हणाला, "आण्णा, मी एकटा जातो म्हणलो होतो ना? सगळं गाव कशाला आणलंत सोडायला?"