वडिलांची दाढी मी करायचे

— नाही ताई, मान खाली नका घालू, वर करा, अजून थोडी, खिडकीकडे — हां, आता दिसलं. अहो लाजता काय, हनुवटीवर केस येणाऱ्या तुम्ही काही जगात पहिल्या नाही. या खुर्चीत रोज दोघी तरी बसतात, आणि दोघीही आधी भुवया करायला आलेय म्हणून सांगतात. तुम्ही नवऱ्याच्या रेझरनं करता ना? बाथरूमची कडी लावून, कोरड्यावरच, घाईघाईत — आणि खालून वर. कसं कळलं म्हणजे? कातडीच सांगते. हे पुरळ बघा, आणि हा इथं कडक दाणा लागतोय ना, त्याच्या आत केस आहे. उलटा कापला, अगदी मुळाशी कापला, की त्याला बाहेरची वाट सापडत नाही, तो आतल्या आत वळतो. मग आग होते, खाज येते, आणि तुम्ही त्याच्यावर पुन्हा रेझर फिरवता — आगीतून फुफाट्यात.

नाही, आज मी हात लावणार नाही. दोरा नाही, वॅक्स नाही, काही नाही. उद्या मुलाखत आहे, ऐकलं मी. असू दे. मुलाखत घेणारा काही भिंग घेऊन बसत नाही. ही गार पाण्याची घडी धरा, दाबू नका, नुसती ठेवा, दहा मिनिटं. आणि पंधरा दिवस रेझर बंद. पुढं करायचीच झाली तर आधी कोमट पाणी, मग फेस, आणि केस ज्या अंगाला वाढतो त्याच अंगाला, एकदाच. थोडं खरखरीत राहिलं तर राहू द्यायचं. आणि केस अलीकडेच एवढे वाढले असतील तर डॉक्टरांना दाखवा, ते माझं काम नाही. हे मला कुणी शिकवलं म्हणता? वडिलांनी. म्हणजे शिकवलं असं नाही — त्यांना बोलताच येत नव्हतं तेव्हा.

वडील पोस्टमास्तर. नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. मी हे पार्लर टाकलं तेव्हा म्हणाले, एवढं शिकवलं ते लोकांचे केस उपटायला का? झालं, अकरा वर्षं या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. दोन गल्ल्या सोडून राहायचे, समोरून जायचे, पण तोंड पलीकडे. मीही त्यांचीच मुलगी, मी कशाला हाक मारते? मग आई गेली, आणि वर्षाच्या आत त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. भाऊ लांब नोकरीला, तो फोनवर म्हणाला, एखाद्या संस्थेत ठेवू. मी म्हटलं, मी आहे अजून. आणि घेऊन आले. मागची खोली आहे ना, पडद्याच्या पलीकडची, तिथं खाट टाकली.

त्यांचा एक ठरलेला न्हावी होता, तेवीस वर्षांचा. तो आला दुसऱ्याच दिवशी, पेटी घेऊन. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. खरं सांगू? मला दाखवायचं होतं त्यांना. ज्या हाताला नावं ठेवलीत ना, तो हात बघा आता. मग रोज सकाळी, पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी, मी त्यांची दाढी करायचे. एकदा वरून खाली, मग खालून वर, मग कातडी ताणून पुन्हा. त्यावरही एखादा राहिला तर चिमटा. शेवटी गालावरून कापूस फिरवायचा — तंतू अडकला की परत. असं काम या गावात दुसरं कुणी करून दाखवावं. आणि वरून स्पिरिटचा बोळा. मग आरसा धरायचे समोर. ते बघायचे नाहीत. मान भिंतीकडे वळवायचे, आणि डोळ्यातून पाणी. मला वाटायचं, चीड आहे ही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तसं. मानेवर लाल पुरळ यायचं, मी म्हणायचे उष्णता, आणि आणखी स्पिरिट लावायचे.

हो, तुम्ही बघताय तशीच बघा माझ्याकडे. माझा धंदा हा, बायकांच्या हातावर एक फोड आला तर माझा जीव वरखाली होतो — आणि बापाच्या मानेवर मला काही दिसलं नाही. कारण मी पुरळ बघतच नव्हते, ताई. मी त्यांचं तोंड वळवणं बघत होते.

एकदा विचारलं मी. म्हटलं, एवढी किळस वाटते माझ्या हाताची? त्या न्हाव्याला बोलावू का? आणि त्यांनी मान हलवली. हो म्हणून. स्पष्ट. मग बोलवायचं ना त्याला — नाही बोलावला. मी डाव्या हातानं त्यांचा जबडा धरला, असा, बोटं उमटली त्यांच्या गालावर, आणि म्हटलं — हे मी कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही — म्हटलं, "तुमच्या मुलानं टाकलंय तुम्हाला. आता हेच हात आहेत, हेच सोसा." त्या दिवसापासून त्यांनी मान वळवणं सोडलं. डोळे मिटून गप पडून राहायचे. आणि मला बरं वाटलं. वाटलं, चला, उतरला पीळ.

घडी उलटी करा, ती बाजू गरम झाली असेल.

मग माझाच हात भाजला. वॅक्सचं भांडं कलंडलं, मनगटापर्यंत पट्टी. तीन आठवडे दाढी नाही, काही नाही. त्यांची दाढी वाढली, पांढरीशुभ्र, आणि खालचं पुरळ वाळून गेलं. जेवण भरवायला बसले की माझ्याकडे बघायचे आता. एका दुपारी त्यांनी चांगल्या हातानं माझा पट्टीचा हात धरला, बोटं तेवढी उघडी होती, ती स्वतःच्या गालावर ठेवली, आणि हळूहळू फिरवली. कानापासून हनुवटीपर्यंत. परत कानापासून हनुवटीपर्यंत. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "माहीत आहे वाढलीय ती, हात बरा होऊ दे, करते." आणि हात काढून घेतला. पाच दिवसांनी ते गेले. पट्टी सुटायच्या आधी.

तो न्हावी भेटायला आला नंतर. इथंच बसला, बाकावर, पेटी मांडीवर. म्हणाला, साहेबांची कातडी फार नाजूक, उलटा वस्तरा अजिबात चालायचा नाही, आग आग व्हायची, तेवीस वर्षं एकच हात मारला मी, तोही वरून खाली. म्हटलं, मग त्या दिवशी दारात बोलला का नाहीत? तर म्हणाला, "तुम्ही पार्लरवाल्या ताई, शिकलेल्या. मी तुम्हाला काय शिकवणार?" त्याचा काय दोष? मी त्याला पायरीवर उभं तरी राहू दिलं होतं का?

तेव्हापासून तो हात आठवतो मला. गालावरून फिरणारा. ते मला शिकवत होते, की आता आग होत नाही एवढंच सांगत होते, की लाड करत होते माझे — कोण सांगणार? पोरीचा हात त्यांनी आपणहून गालाशी धरला होता, आणि मला वाटलं, काम राहिलंय म्हणून टोकतायत.

— नको, हात नका धरू माझा. सोडा, ताई. सोडा म्हणते ना. दहा मिनिटं झाली, उठा आता, बाहेर बायका खोळंबल्यात.