धुराआधीचा श्वास

आदरणीय अध्यक्ष सुंदररावजी, प्रमुख पाहुणे आणि व्यापारी संघाचे आमचे शिवलिंगप्पा, व्यासपीठावरचे मान्यवर, सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर आणि सारे कर्मचारी, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत ते छातीच्या विकारांचे डॉक्टर बिभीषण तिडके, सौ. तिडके, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी आत्ताच हळूच सांगितलं, "गंगासागरबाई, थोडक्यात बरं का." प्रयत्न करते. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला थोडक्यात बोलणं जमतं का, हे तुम्हीच ठरवा.

आधी एक खुलासा. प्रतिमेपुढच्या उदबत्त्या विझलेल्या पाहून पुढच्या रांगेत कुजबुज चालली आहे. त्या मी विझवल्या. का, ते बोलण्याच्या ओघात येईलच.

डॉक्टरांच्या सेवेबद्दल आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितलं. मी फक्त माझ्या घरातलं सांगते. माझी मुलगी ईश्वरी लग्न होऊन इंग्लंडला गेली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. लहानपणी आम्ही पालीच्या धरणावर जायचो, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे पळत चढायची आणि वरून ओरडायची, "आई, ये ना! दमलीस?" त्या मुलीची फुप्फुसं परदेशात निकामी झाली. तिकडच्या एका मोठ्या रुग्णालयात तिला दुसऱ्या कुणाचं तरी फुप्फुस बसवलं. कुणाचं, ते आम्हाला कधीच कळणार नाही. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढले. तिथे झोपण्याआधी ज्यांची नावं ठाऊक नाहीत अशा माणसांसाठीही प्रार्थना करायला शिकवत. तेव्हा ते निरर्थक वाटे. आता रोज करते.

बरी झाल्यावर ती आम्हाला भेटायला बीडला आली आणि इथेच तिच्या छातीत संसर्ग झाला. विमानात बसायची परवानगी मिळेना. जावई केदारनाथ नोकरीसाठी तिकडे, ही इकडे. शरीर परकं फुप्फुस कधी नाकारायला लागेल, याचा नेम नसतो, आणि एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. तिकडचे काही संशोधक रुग्णाच्या उच्छ्वासातले वायू तपासून ते आधीच ओळखता येतं का, हे पाहत होते. अजून सगळं प्रयोगाच्या पायरीवर. पण बुडत्या माणसाने आणखी काय धरायचं? ईश्वरी जाऊ शकत नव्हती, म्हणून तिचा श्वास तिकडे जायला लागला.

हे काम कोण करणार? क्षयरोग्यांनी भरलेली ओपीडी संपवून डॉक्टर तिडके आमच्या घरी यायचे. ईश्वरी पिशवीत फुंकायची. ती हवा वायू शोषून धरणारी पूड भरलेल्या बारीक पोलादी नळीतून सोडायची, नळीला बूच मारायचं आणि ती कुरिअरने लंडनला पाठवायची. पहिल्याच नळ्यांनंतर केदारनाथचा एसटीडी बूथवर फोन आला. "आई, ईश्वरी खाते तरी काय? हिच्या श्वासात असं काही सापडतंय, जे इथे कुणाच्याच श्वासात नसतं!" आम्ही हादरलो. औषधं बदलली. पुन्हा नळी, पुन्हा तेच.

एकदा डॉक्टर नेहमीपेक्षा लवकर आले आणि दारातच थबकले. आमच्या थोरल्या जाऊबाई, केसरबाई, शेगडीवर ऊद टाकून मीठ-मोहऱ्या-मिरच्यांनी ईश्वरीची दृष्ट काढत होत्या. प्रत्येक वेळी नळी भरण्याआधी त्या हेच करायच्या आणि डॉक्टर यायच्या आत शेगडी परसात न्यायच्या. खोली धुराने भरलेली. आम्हाला त्या धुराची सवय, म्हणून कुणाच्या डोक्यातही आलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हे काहून करताव?"

केसरबाई उसळल्या. "पोरीचा जीव नळीत कोंडून परमुलखात धाडताव, अन् मी दिष्टबी काढू न्हाई? तुमाला लेकरंबाळं हायेत का न्हाईत?"

दुसरा कुणी असता तर ओरडला असता. डॉक्टर मात्र चक्क मांडी घालून त्यांच्याजवळ बसले. "काढा की मावशी, लई काढा. माजीबी काढा. फकस्त श्वास नळीत गेल्यावर काढा. आधी काढली तर तुमच्या मिरच्याच लंडनला जात्यात."

ईश्वरी इतकी हसली की तिला धाप लागली. कितीतरी दिवसांनी घरात कुणी हसलं होतं. मंडळी, आपल्या घरातल्या मायेला न दुखावता तिची जागा बदलणं, याला कोणत्या कॉलेजात पदवी मिळते?

मग स्वच्छ नळी गेली. मी देवापुढे बसून होते. वाटलं, सगळा दोष धुराचाच होता, आता सुटलो. केदारनाथचा फोन आला. नळी भरताना शेगडी विझलेली होती ना, हे त्याने आधी दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आई, या वेळी धूर नाहीये. शरीर फुप्फुस नाकारतंय, हे खरंच आहे."

तेव्हापासून जड औषधं सुरू आहेत. ती लागू पडली की नाही, हे आजची नळी सांगेल. नसतील पडली, तर एकदा मिळालेलं फुप्फुस दुसऱ्यांदा कुणाकडे मागायचं? आणि उद्यापासून ही नळी भरणारं या जिल्ह्यात कोण आहे? डॉक्टर, तुमची बदली सरकारी हुकूम आहे, हे मला समजतं. तरी मंत्रालयात अर्ज घेऊन जाऊन आले. हात जोडले, रडलेही. निरोपाच्या भाषणात असं बोलू नये, हे मला कळतं. पण कळून काय करू?

सकाळ चार्ज देण्यात गेली, आणि इथून डॉक्टरांची गाडी थेट मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागणार. म्हणून आजची नळी भरायला ईश्वरीला इथेच आणलं आहे. गर्दी तिला चालत नाही. ती मागच्या खोलीत खिडकी उघडून बसली आहे. केसरबाई बाहेर पायरीवर शेगडी घेऊन आहेत, पण निखारा अजून पेटवलेला नाही. डॉक्टरांसाठी त्यांचा निरोप आहे, "वाटंत लिंबागणेशाला नारळ फोडल्याबिगर म्होरं जाऊ नगा."

डॉक्टर, सौ. तिडके, तुमच्या कितीतरी संध्याकाळी आम्ही खाल्ल्या, त्याचे आभार कोणत्या शब्दांत मानू? संयोजकांचे आणि माझं हे रडगाणं शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. उदबत्त्या विझवल्या, दाराशी लावलेली फटाक्यांची माळ काढायला लावली, शिवलिंगप्पांनी आणलेलं अत्तर बाजूला ठेवलं, आनंदाच्या समारंभात माझं दुःख आणलं. जे चुकलं, ते एका आईचं समजून पोटात घाला. आणि एवढीच विनंती, नळी भरेपर्यंत कुणी जागेवरून उठू नका.

डॉक्टर, चला. पोरगी वाट बघते आहे.