व्हिडिओ कॉलला पहिला नंबर

चहा निवायच्या आत परवाचं सांगतो. पुण्यातनं लेकाचा व्हिडिओ कॉल आला की दोन शब्द बोलतो न् म्हणतो, "आबा, तुमचं नेट अडकतंय, ठेवतो." म्हणून गडमुडशिंगीच्या वायफायवाल्याला बोलावलं. म्हणलं, "व्हिडिओ कॉलला पहिला नंबर मिळंल, असं सेटिंग कर."

"करतो की. पण घरात अजून कोण कोण नेट वापरतंय?"

"मी एकटाच."

"मग तुमच्या म्होरं रांगच न्हाय, आबा. नेट बी झकास हाय."

"तरी कर."

केलं त्यानं. संध्याकाळी लेकाला कॉल लावला. चेहरा लख्ख, आवाज खणखणीत. लगेच म्हणतो, "आबा, नेट अडकतंय."

म्हणलं, "व्हय रं बाळा, हिकडं बी अडकतंय. ठेव."