समशेररावाची मानलेली बहीण

डिना : पण आबा, मानलेल्या बहिणीचा तोंडावर मुका कुणी घेतं का?

बेझालेल : हळू बोल. खिडकी उघडी आहे.

डिना : आता खिडकी लावून काय होणार? गेल्या गुरुवारी चौदा जणांनी टेलिव्हिजनवर पाहिलंय. स्टुलं पुरली नाहीत म्हणून दोघी तर माझ्या पलंगावर बसून बघत होत्या.

येमिमा : आणि शेजारच्या हेदवानं आपल्या पोरींचे डोळे झाकले. स्वतःचे टक्क उघडे ठेवून.

बेझालेल : पुस्तकात ती मानलेली बहीणच आहे. रत्नप्रभा. समशेरराव तिला पुरातून वाचवतो आणि ती पदर फाडून त्याला राखी बांधते. प्रकरण तिसरं. ठाण्याच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांना वाचून दाखवलंय मी ते.

डिना : पण ते पुस्तक मराठी होतं ना?

बेझालेल : रूपांतर होतं. मूळ कादंबरी फ्रेंच, जगभर गाजलेली. रूपांतरकार कुणी सोज्वळ गृहस्थ असावेत.

डिना : त्या सोज्वळ गृहस्थांनी प्रेयसीची बहीण करून टाकली, आणि बैरूतच्या टेलिव्हिजन स्टेशनला कुणी कळवलंच नाही!

येमिमा : हसू नकोस गो. पिन्हास जिना उतरता उतरता काय बोलला ते ठाऊक आहे? ‘मास्तर सांगतात एक आणि डब्यात दिसतं दुसरंच.’ रामल्याच्या सगळ्या शिकूनला, साऱ्या वसाहतीला ऐकू जाईल असं बोलला.

बेझालेल : पिन्हासला विचारतो कोण? परळच्या वर्कशॉपात बोल्ट आवळण्यात जन्म गेला त्याचा.

येमिमा : तोच पिन्हास आज त्या मिखाएलला घेऊन येतोय. सिमेंटच्या कारखान्यात त्याच्या जोडीला असतो तो. कासाब्लांकाचा. फ्रेंच म्हणजे घरची बोली त्याची. ‘शेवटचा भाग आहे,’ म्हणाला, ‘मास्तरांचं फ्रेंच एकदा तपासून घेऊ.’

बेझालेल : म्हणूनच म्हणतो, एरियल बिघडलं असं सांगू. मी गच्चीवर जातो आणि थोडं फिरवून ठेवतो. समुद्राकडचं तोंड वाळवंटाकडे केलं की बैरूत गेलं.

येमिमा : त्या गुडघ्यानं गच्चीवर? काही नको. एलातच्या बंदरात राबून पोरानं तो डबा घेतला. बसमध्ये त्याचं वेगळं तिकीट काढलं, माणसासारखा सीटवर बसवून आणला. कशाला? आपल्या देशाला स्वतःचं टेलिव्हिजन नाही म्हणून की काय? बायको पंधरा पंधरा दिवस एकटी असते म्हणून! आणि तुम्ही त्याचं तोंड वाळवंटाकडे करणार.

डिना : आबा, एक विचारू? रागवायचं नाही.

बेझालेल : विचार.

डिना : फ्रेंच तुम्हांला किती येतं?

बेझालेल : ...‘मर्सी’ येतं.

येमिमा : या एलियाहू हन्नाबी! अहो, नऊ आठवडे मी बायकांना सांगत फिरतेय, आमच्या यांना फ्रेंच येतं म्हणून! भाजीवाल्याला सांगितलं! दवाखान्यातल्या नर्सला सांगितलं, तिनं यांच्या केसपेपरावर लिहून घेतलं!

बेझालेल : मी कधी म्हटलं येतं म्हणून? पहिल्या दिवशी डबा लावला तर बोलणं फ्रेंच, खाली अक्षरं अरबी. आपल्यातल्या कुणाला ना हे कळत, ना ते वाचता येत. सगळे बापडे बघत बसलेले. मी घोडा ओळखला. तलवार ओळखली. टोपीतलं ते लांब पीस ओळखलं. म्हटलं, अरे, हा तर आपला समशेरराव! सांगायला लागलो. सगळे एकदम शांत झाले. मग कुणी विचारलं नाही, आणि मीही खुलासा केला नाही.

डिना : मला ठाऊक होतं.

बेझालेल : काय ठाऊक होतं?

डिना : पहिल्या दिवसापासून. पुण्याला मॅट्रिकला फ्रेंच होतं माझं. तो तुमचा समशेरराव घोड्यावरून उतरला, आणि तुम्ही म्हणालात, ‘हे मातृभूमी, तुझी धूळ मी मस्तकी लावतो!’

बेझालेल : मग?

डिना : तो खानावळवाल्याला विचारत होता, घोड्याला दाणा मिळेल का.

येमिमा : अगो बाई! ...नाही, नाही हसत मी. पण दाणा!

बेझालेल : आणि तू गप्प राहिलीस. नऊ आठवडे सासऱ्याचा तमाशा बघत बसलीस.

डिना : तमाशा नव्हे, आबा. तान्ह्या ओर्नाचं पोट दुखायचं तेव्हा तुमचा आवाज सुरू झाला की ती निजायची. आणि माझं म्हणाल तर दवाखान्यात हिब्रू, दुकानात हिब्रू, उरलेला दिवस पोरीशी ‘अले अले’. आठवड्यातून एकदा कुणीतरी खणखणीत ‘हे मातृभूमी’ म्हणत होतं. मी मधे कशाला बोलू?

बेझालेल : आज मिखाएल बोलेल. ...तुम्हां दोघींना सांगतो. वखारीत मी संत्री कागदात गुंडाळतो. त्याचं मला काही नाही, काम ते काम. पण तो मुकादम आमोस, बावीस वर्षांचा, धड मिशी फुटलेली नाही, दिवसभर माझ्या मागे ‘माहेर, माहेर’ करत उभा असतो. हिब्रूत म्हणजे लवकर. मला ‘बेझा’ म्हणतो. माझ्या आईनंसुद्धा मला बेझा म्हटलं नाही कधी. ठाण्याला मी वर्गात शिरलो की चाळीस मुलं उभी राहायची. इथे चार वर्षांत कोण उभं राहिलं? गुरुवारी सहा वाजता मात्र तो पिन्हाससुद्धा म्हणतो, ‘मास्तर, तुम्ही इथे बसा.’ आजच्या नंतर म्हणायचा नाही.

येमिमा : म्हणेल. कशाला नाही म्हणणार? मी आजच मलिद्याचा नवस बोलते एलियाहू हन्नाबीला. लाज राख म्हणावं.

डिना : मलिदा बोलाच, आई. पण माझंही ऐका. मी आबांच्या मागे बसते. पडद्यावर जे बोलतील ते हळूच कानात सांगते. आबांनी ते आपल्या मराठीत सांगायचं. मिखाएलला चूक सापडायची नाही.

बेझालेल : कॉपी? शिक्षकानं कॉपी करायची?

येमिमा : नऊ आठवडे मनाचंच लिहिलंत, आणि आता डिसिप्लिन आठवली!

बेझालेल : मला करावी लागेल, येमिमा. कारण आज पुस्तकाचाही आधार नाही. शाळेच्या प्रतीत शेवटची सोळा पानंच नव्हती.

डिना : मग मुलांना शेवट काय सांगायचात?

बेझालेल : तास असा बेतायचो की नेमकी तिथे घंटा व्हावी.

येमिमा : अठ्ठावीस वर्षं?

बेझालेल : दर वर्षी मुलं नवी असायची.

डिना : चला, साडेपाच झाले. मी ओर्नाला पोटभर पाजून निजवते. दोन तास हूं की चूं करायची नाही.

येमिमा : मी दोघांना वाढवलंय. पोटभर प्यायलेलं पोर नेमकं कधी उठतं, ते मला विचार.

(सव्वासात. जमिनीवर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं. शेजारीपाजारी गेले आहेत. डिना ओर्नाला खांद्यावर घेऊन जिन्यावरून आत येते.)

डिना : गेले सगळे? आबा, माफ करा हो. दहा मिनिटंसुद्धा धड बसू दिलं नाही हिनं. तिच्या किंचाळण्यापुढे फ्रेंच काय आणि मराठी काय! खाली जिन्यात फेऱ्या मारत होते. आधी सगळं चिडीचूप झालं आणि मग हा एवढा हशा. काय झालं?

येमिमा : मी सांगते. तू पोरीला घेऊन गेलीस. पडद्यावर दिवाण दुर्जनसिंग काहीतरी लांबलचक बोलला—

डिना : दुर्जनसिंग! त्या बिचाऱ्या फ्रेंच माणसाला आपलं नाव ठाऊक तरी आहे का?

येमिमा : ऐक तर. सगळे वळून यांच्याकडे बघतायत. पिन्हास म्हणाला, ‘बोला मास्तर.’ तर हे उभे राहिले. गुडघा धरून, पण सरळ उभे. आणि म्हणाले—

बेझालेल : ते मी सांगतो. म्हणालो, ‘मला फ्रेंच येत नाही. आजवर सांगितलं ते ठाण्याच्या शाळेतल्या पुस्तकातलं. आणि त्याची शेवटची पानं फाटलेली होती.’

डिना : आबा!

बेझालेल : कॉपी पुरवणारीच पळाली. काय करणार?

येमिमा : मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला. मग पिन्हासनं मिखाएलला म्हटलं, तू सांग. मिखाएलनं हिब्रूत सांगितलं आणि पिन्हास त्याचं मराठी करायला लागला. ‘दिवाण म्हणतो, इथून जा. हा म्हणतो, नाही जात.’

डिना : आणि पुढे?

येमिमा : ‘दिवाण म्हणतो, मारीन. हा म्हणतो, मार.’ तिथे तलवारींचा खणखणाट चाललाय, आणि पिन्हास गाड्यांचं टाइमटेबल वाचावं तसा वाचतोय! पाच मिनिटांत पोरी स्टुलावरून उतरून टरफलांशी खेळायला लागल्या. शेवटी हेदवा म्हणाली, ‘पिन्हासभाऊ, पुरे. मास्तर, तुम्ही सांगा.’ हे म्हणाले, ‘अगं, पण मला येत नाही, आत्ताच तर सांगितलं.’ ती म्हणाली, ‘ते कळलं. तुम्ही सांगा.’

डिना : आणि मिखाएल? त्याला राग नाही आला?

बेझालेल : तो पिन्हासच्या बाहीला धरून बसला. म्हणे, ‘पडद्यावरचा माणूस चार शब्द बोलला आणि म्हातारबाबा एवढा वेळ बोलतायत. काय बोलतायत ते मला सांग!’ पिन्हासच्या तोंडाला फेस आला. ‘मस्तकी लावतो’ला हिब्रूत काय म्हणतात ते मलाच विचारायला लागला. मला!

डिना : तोच हशा मी ऐकला. बरं, आणि रत्नप्रभा? शेवटी बहीण राहिली की नाही?

बेझालेल : हेदवानंही तेच विचारलं. म्हटलं, त्या पुरात राखी वाहून गेली.

येमिमा : काय तरी बाई! आणि जाताना पिन्हास दारात थांबला. मान खाली घालून म्हणतो, ‘पुढच्या गुरुवारी त्या डब्यात काहीही असो, मी सहाला येतो, मास्तर.’ आता मला मलिदा करायलाच हवा. पण या रामल्यात ओला नारळ आणि पोहे देणार कोण? ते एलियाहू हन्नाबीनंच बघावं.

डिना : सगळ्यांनी सगळं पाहिलं. मीच तेवढी जिन्यात. शेवट काय झाला, आबा? ही बघा, अजून डोळे टक्क उघडे आहेत हिचे.

बेझालेल : आण इकडे तिला. ...मिखाएलनं सांगितला तो शेवट सांगू, की मी सांगितला तो?

डिना : ही झोपेपर्यंत पुरेल तो सांगा.