एका नंबराला एक माणूस

(लालबाग. गणेशोत्सव मंडळाची दुसऱ्या मजल्यावरची खोली. गिरणी संपाला तीस वर्षं झालेली. टेबलावर लॅपटॉप आणि गिरणीच्या टाइम ऑफिसचं जुनं हजेरी रजिस्टर. दुपारचे तीन.)

दमयंती : नाही हो काका, सर्व्हर नाहीच आहे. तेच तर सांगतेय मघापासून.

रमाकांत : मग ठेवलंयस कुठे सगळं? हवेत?

दमयंती : ह्या एका फाईलमध्ये. आख्खा डेटाबेस म्हणजे ही एक फाईल. वेगळं मशीन नको, पासवर्ड नको, सांभाळायला माणूस नको. तो चालवणारी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, मी ॲपमध्येच घातलीय. ॲप उघडलं की फाईल उघडते, बंद केलं की मिटते. उद्या पेन ड्राइव्हवर घाला आणि चालायला लागा.

रमाकांत : म्हणजे आमचं रजिस्टरच की. काखेत मारलं आणि निघालो. आणि ह्याचा तुला पगार मिळतो?

दमयंती : पगार ऑफिसच्या कामाचा. हे फुकट. सख्खा काका गिरणी कामगारांच्या समितीचा सेक्रेटरी, काय करणार!

रमाकांत : धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं म्हणायची सोय नाही. बरं, दाखव.

दमयंती : आधी टेबल बनवायचं. नंबर, नाव, खातं, कधी लागला, कधी सुटला, असे पाच कॉलम. मग एकेक ओळ भरायची. मग हवं ते विचारायचं. नंबराला मी प्रायमरी की केलंय. म्हणजे एका नंबराला एकच माणूस. दुसरी ओळ त्या नंबराची बसूच शकत नाही.

रमाकांत : हे आमच्या मॅनेजरला कळायला हवं होतं.

दमयंती : म्हणजे?

रमाकांत : काही नाही. तुझा बाप काढ. अकराशे सत्तेचाळीस.

दमयंती : थांबा. सिलेक्ट... आलं. महादेव धुरी, विणाई खातं, लागला एकोणीसशे चौसष्ट. काका, बाबांचा जन्म छप्पनचा आहे.

रमाकांत : असेल.

दमयंती : आठव्या वर्षी मागावर उभे होते?

रमाकांत : धुरींच्या घरात सगळे लवकर हुशार होतात.

दमयंती : थट्टा नको. थांबा, मोजायलाच हवं होतं मी आधी. भरलेल्या ओळी अठ्ठावीसशे चाळीस. टेबलात आहेत... पंचवीसशे एकोणतीस. तीनशे अकरा माणसं गेली कुठे?

रमाकांत : तुझ्या फाईलीला विचार.

दमयंती : मागच्या पानांवर नुसत्या नावांच्या दुरुस्त्या आहेत, असं तुम्ही सांगितलंत. म्हणून मी कमांड तशी लिहिली. नंबर आधीच असला तर नाव नवं घाल, बाकी ओळ तशीच ठेव. द्या ते रजिस्टर इकडे. पान चाळीस, अकराशे सत्तेचाळीस, आनंदा परब, लागला चौसष्ट. पान दोनशे बारा, अकराशे सत्तेचाळीस, महादेव धुरी, लागला त्र्याऐंशी. ही दुरुस्ती नाही, काका. ही दोन माणसं आहेत.

रमाकांत : गिरणीत माणूस जातो, नंबर जात नाही. संप लांबला, आत माग चालवायला हात पाहिजे होते. जे आत गेले त्यांना बाहेरच्यांचे नंबर दिले. साहेब बोलला, मी लिहिलं.

दमयंती : बाबा आत गेले? संप मोडून?

रमाकांत : तू काय वारा पिऊन वाढलीस?

दमयंती : ते तर सांगतात, दीड वर्ष पेजेवर काढलं म्हणून.

रमाकांत : ते आनंदा परबाने काढलं. तुझ्या बापाने त्याचा नंबर घेतला, तेव्हा गोष्टपण घेतली असेल.

दमयंती : असू दे. चूक माझी आहे. नंबर एकटा की होऊ शकत नाही. नंबर आणि लागल्याचं वर्ष, दोन्ही मिळून की करायची. टेबल नव्याने बनवते, ओळी पुन्हा भरते. वीस मिनिटांचं काम. सगळे परत येतील.

रमाकांत : आणि पाच वाजता यादी जाईल. घरांच्या सोडतीला संपाआधी पटावर असलेलाच माणूस लागतो. बापासमोर त्र्याऐंशी आलं की तो बाद. दहा बाय बाराची खोली, सहा माणसं, बाप गॅलरीत झोपतो. कर तुझी की.

दमयंती : आणि हे परब?

रमाकांत : नव्वद साली गेला. बायको आहे. मूल ना बाळ. प्रभादेवीला भाचीच्या स्वयंपाकघरात पडलेली असते. घर घेऊन काय फुगड्या घालणार आहे? चारला येईल नाव बघायला. मीच सगळ्यांना बोलावलंय.

दमयंती : दुरुस्त्या आहेत म्हणून तुम्ही मुद्दाम सांगितलंत.

रमाकांत : तीनशे दहा नंबर साहेबाच्या हुकमाने दिले. हा एक मी माझ्या भावाला दिला. आनंदा शेजारच्या खोलीत राहायचा. संपावर जाताना म्हणाला, रमाकांत, माझा नंबर सांभाळ. सांभाळला की!

दमयंती : एका नंबरासाठी तीनशे अकरा माणसं खायची?

रमाकांत : मी कुठे म्हटलं? तीनशे दहा आण ना परत. पुण्य पदरात पाडून घे.

दमयंती : असं अर्धवट नाही करता येत.

रमाकांत : येत नाही, की करवत नाही?

दमयंती : ...येतं.

रमाकांत : मग बस. चहा सांगतो.

दमयंती : जुन्या फाईलची कॉपी काढून ठेवली. नवं टेबल झालं. ओळी भरतायत.

रमाकांत : किती झाल्या?

दमयंती : अठ्ठावीसशे एकोणचाळीस.

रमाकांत : आणि तुझ्या बापासमोर?

दमयंती : चौसष्ट.

रमाकांत : शहाणी माझी बाय. चहा घे, थंड झाला.

शेवंती : गो बाय, हयच मा ती मशीन? दोन जिने चढान इलंय, वायच दम खातंय.

रमाकांत : या, वहिनी, बसा. दमयंती, ह्या आनंदा परबांच्या घरच्या. शेवंतीवहिनी.

शेवंती : माका काय सांगतास? म्हादेवभावजींचा चेडू ह्या. तुझ्या बारशाच्या घुगऱ्यो खाल्लंव आणि आठ दिसांनी खोली सोडलंव. केवडा मोठा झाला गो! ह्यांचा नाव बघ मगे. ह्यो गिरणीचो पास. माका वाचूक येणा नाय, पण अकराशे सत्तेचाळीस वळखतंय.

दमयंती : दुधाच्या पिशवीत ठेवलाय?

शेवंती : धुवान, सुकवून. भिजाक नको. संपात भांडी गेली, डोरला गेला. ह्यो तेवडो कोणी इकत घेवक नाय, म्हणान रवलो.

रमाकांत : टाक गं नंबर.

दमयंती : अकराशे सत्तेचाळीस. महादेव धुरी.

शेवंती : म्हादेवभावजी? परत बघ, बाय. बोटा चुकली आसतली.

दमयंती : परत बघितलं, काकी. एकच नाव येतंय.

शेवंती : आणि ह्यांचा?

दमयंती : आनंदा परब टाकून शोधलं. शून्य ओळी.

शेवंती : म्हंजे काय?

रमाकांत : म्हणजे तसा माणूस पटावर नव्हता.

शेवंती : नव्हतो कसो? अठरा वर्सा डबो दिलंय मी. केसात कापूस घेऊन घराक येयत. मगे खय जायत ते?

रमाकांत : बदलीवर असेल, दुसऱ्याच्या नंबरावर. टाइम ऑफिसात तीस वर्षं मी बसलो, वहिनी, मला शिकवू नका. आणि हा पास आता दुसऱ्याच्या नंबराचा झाला. घरात ठेवलात तर उद्या भाचीला चौकशी लागेल. इथे जमा करून मोकळ्या व्हा.

शेवंती : जमा? ह्यांचो येवडोच कागद आसा माझ्याकडे. फोटोसुदा नाय.

रमाकांत : नियम आहे, वहिनी. माझ्या हातात काय आहे?

शेवंती : तुमी खोटा नाय सांगूचास. मरताना पण ह्येंनी तुमचाच नाव घेतल्यानी. नंबर रमाकांताकडे आसा, भिया नको, म्हणाले. पण बाय, तूच सांग. तू शिकलेला, तुझी मशीन. मशिनीक कोण आपलो नि कोण परको? मगे पास देऊ काय?

दमयंती : द्या, काकी.

शेवंती : पिशयेसकट?

दमयंती : पिशवी राहू दे तुम्हाला.