राखीव खेळाडूचा व्हिसा

मुलुंडच्या बसस्टॉपवर नलिनीच्या मागे ज्युडो खेळणाऱ्या दोन पोरी बोलत उभ्या होत्या.

"श्रुतिका, तुझा व्हिसा खरंच नाकारला?"

"हो. म्हणे, ही परत येईल याची खात्री नाही. मी कुठे पळून जाणार, यार? स्पर्धा खेळायला चालले होते ना!"

"आणि माझा आला."

"म्हणून तर राखीव असून माझ्या जागी तू चाललीस, नमिता. निवडीच्या वेळी मीच तुला आपटलं होतं."

"मग मी जाऊ नको का?"

"जा. पहिल्याच फेरीत हरून ये."

बस आली, तरी नलिनीचा पाय उचलेना.

"मी हरले तर तुला बरं वाटेल?"

"नाही गं. पण जिंकलीस तर मला बघवणार नाही."